गोदरेजचा मराठी टाइपरायटर : खंडित झालेले कथालेखन पुन्हा सुरू करताना

‘गोदरेज प्राइमा’ या बनावटीचा, मराठी कळफलकाचा, दुरुस्त करून पुन्हा विक्रीला आलेला टाइपरायटर हा या परीक्षणाचा विषय आहे. गोदरेज अँड बॉइस या कंपनीने भारतात घडवलेला आपला पहिला टाइपरायटर १९५५ मध्ये आणला आणि २००९ मध्ये या यंत्रांचे उत्पादन थांबवले; अखेरच्या काळात ती सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या कारखान्यात तयार होत असत. म्हणजे आज जो कोणी हे यंत्र घेईल तो वापरलेलेच घेईल, आणि त्याचे बरेवाईटपण कारखान्याइतकेच ते दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या हातावर अवलंबून राहील. दीर्घ आजारपण आणि मृत्यू यांतून गेलेल्या घरात थांबलेले माझे कथालेखन या यंत्रावर पुन्हा सुरू झाले. तशाच अवस्थेतून बाहेर येऊन लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकाला हे यंत्र घ्यावे की घेऊ नये हे ठरवता यावे, इतपत माहिती मला घेण्यापूर्वी कोठे एकत्र मिळाली नव्हती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या कार्यालयात लिपिकाची होती. कथा मी रात्री लिहीत असे आणि त्या बहुतेक दिवाळी अंकांतून छापून येत. नोकरीसाठी मराठी टंकलेखनाची तीस शब्द प्रतिमिनिट वेगाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागे, त्यामुळे कॉलेज संपताच गावातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन मी हा कळफलक शिकले होते. पुढे कार्यालयात संगणक आले, मी युनिकोडमध्ये लिहू लागले आणि कथाही लॅपटॉपवरच होऊ लागल्या. ही पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण ज्याच्या बोटांना हा कळफलक ठाऊक नाही त्याच्यासाठी या परीक्षणाचे निष्कर्ष वेगळे असतील. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

माझ्या पतींची मूत्रपिंडे निकामी झाल्यावर घराचे वेळापत्रक डायलिसिसने ठरवले. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडलेले राहायचे. त्यात जाणे-येणे, नोंदणी आणि नंतरचा थकवा मिळवला की उरलेले दिवसही त्याच कामाचे होतात. दिवसभरात किती पाणी घेतले, चहा किती, आमटी किती, हे मिलिलिटरमध्ये मोजावे लागे. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात वजन किती वाढले यावरून पुढच्या वेळी किती पाणी काढायचे ते ठरे. पोटॅशियम कमी व्हावे म्हणून भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचे. नारळपाणी, केळे, टोमॅटो बंद. या सगळ्याची नोंद मी फोनवर ठेवत असे आणि तीच नोंद नातेवाइकांना, मुलाला, डॉक्टरांना पाठवत असे. ‘वजन दोन किलो जास्त. पाय सुजलेत. रात्री झोप नाही.’ अशी तीन-चार शब्दांची वाक्ये हेच माझे त्या काळातले सारे लेखन होते. पती गेल्यानंतर बँक, विमा, वारस नोंद, मृत्यू दाखल्याच्या प्रती यांचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि त्याचीही भाषा तशीच तुटक, मुद्द्यापुरती राहिली.

मोकळा वेळ मिळू लागल्यावर मी लॅपटॉप उघडला तेव्हा कल्पना सुचत नव्हती असे नाही. एका कथेचा आराखडा माझ्याजवळ होता, पात्रे स्पष्ट होती, शेवटही ठाऊक होता. परंतु लिहायला घेतले की प्रत्येक वाक्य चार-पाच शब्दांत संपून जाई. माझ्या कथांत दीर्घ वाक्याला काम असते. दोन माणसे स्वयंपाकघरात बोलत असताना तिसरे माणूस दाराशी उभे राहून काय ऐकते आणि काय ऐकायचे टाळते, हे मला एकाच वाक्यात धरायचे असते, कारण ते तोडले की तिसऱ्या माणसाचे ऐकणे वेगळे पडते आणि प्रसंगातला ताण निघून जातो. ते वाक्य मला येईनासे झाले होते. शिवाय त्याच लॅपटॉपवर मी रात्र-रात्र क्रिएटिनिन, फिस्टुला, प्रत्यारोपणाची प्रतीक्षा यादी हे शब्द शोधले होते. त्याच पडद्यावर अहवाल उघडले होते. कथेची फाइल उघडी असताना हात आपोआप ई-मेलच्या टपालपेटीकडे जाई. फोनवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय आता पुष्कळ सुधारली आहे आणि तीही मी करून पाहिली, पण मोठ्याने उच्चारलेले माझे वाक्य तर आणखीच आखूड होते. वही आणि पेन घेतले तेव्हा अक्षर इतके वेगाने आणि इतके वाकडे येऊ लागले की दुसऱ्या दिवशी मलाच ते लागेना. नोकरीची सगळी वर्षे कळफलकावर गेल्यामुळे दीर्घ मजकूर हाताने लिहिण्याची सवय मला राहिलेली नव्हती. तेव्हा ज्या यंत्रावर मी आजारपणातले एकही अक्षर उमटवले नव्हते, असे यंत्र शोधणे एवढाच पर्याय उरला.

हा टाइपरायटर मी पुण्यातील एका पेठेतल्या जुन्या दुरुस्तीच्या दुकानातून घेतला. अशी दुकाने आता फार थोडी राहिली आहेत. ज्या गावी न्यायालयाच्या आवारात अजून टंकलेखक बसतात तेथे त्यांना विचारले तर ते कारागिराचा पत्ता सांगतात, आणि तो मार्ग जाहिरात पाहून घरपोच मागवण्यापेक्षा खात्रीचा आहे, कारण यंत्र स्वतः चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. किंमत बऱ्यापैकी फोनच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी पडली. कारागिराने यंत्र पूर्ण उघडून धुतले होते, कागद ज्यावर गुंडाळला जातो तो रबरी रूळ बदलला होता, कागदासह डावी-उजवीकडे सरकणारा गाडा ओढणारा पट्टा नवा घातला होता आणि बाहेरचा रंग मात्र जुनाच ठेवला होता. रंगापेक्षा रुळावर खर्च करणारा कारागीर मला भरवशाचा वाटला, आणि यंत्राने तो भरवसा खरा केला.

आता मुख्य प्रश्न : देवनागरी या यंत्रावर कशी उमटते. जुन्या छापखान्यात मराठी जुळाऱ्याच्या, म्हणजे अक्षरे जुळवणाऱ्या कामगाराच्या, पेटीत शेकडो प्रकारचे खिळे, म्हणजे धातूचे अक्षरठसे, असत, कारण अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काना-मात्रा लागलेली रूपे हे सगळे वेगवेगळे ओतलेले असे. टाइपरायटरला मात्र एका कळीवर दोनच चिन्हे मिळतात आणि कळा पन्नासच्याही आत असतात, म्हणजे शंभरापेक्षा कमी चिन्हांत सगळी मराठी बसवायची. ती बसवण्यासाठी अक्षरे मोडावी लागली. ख, थ, ध, भ, श यांसारखी अक्षरे कळफलकावर अर्धीच असतात आणि काना जोडून ती पूर्ण करायची. म्हणून ‘भाकरी’ लिहिताना अर्ध्या भ ला पहिला काना तो पूर्ण होण्यासाठी आणि दुसरा काना उच्चारासाठी द्यावा लागतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उमटवावी लागते, कारण ती कागदावर डावीकडे असते आणि यंत्राला उच्चाराचा क्रम कळत नाही, जागेचा कळतो. अक्षराच्या वर किंवा खाली बसणाऱ्या चिन्हांच्या कळा अशा जोडलेल्या असतात की त्या दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नाही. काही जोडाक्षरांना स्वतंत्र कळ आहे. उरलेली पाय मोडून लिहावी लागतात.

युनिकोडची सवय झालेल्या माणसाला हे सारे प्रथम जाचक वाटेल. माझ्या बोटांना मात्र दुसऱ्याच दिवशी बहुतेक कळा आठवल्या, आणि अक्षर तुकड्यांनी जोडत जाण्याच्या या पद्धतीचा एक उपयोग मला लवकरच दिसू लागला. लिहिताना प्रत्येक शब्दाकडे थोडा अधिक वेळ पाहावे लागते. यंत्र शब्द पुरवत नाही, अर्धा शब्द लिहिला की पुढचा सुचवत नाही, चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ ओढत नाही. फोनवर आजारपणाच्या नोंदी करताना मला नेहमीचे शब्द आपोआप पुढे येत असत आणि मी ते स्वीकारत असे, कारण घाई होती. तेच तेच शब्द वर्षानुवर्षे वापरल्यामुळे माझा शब्दसंग्रह किती आक्रसला होता हे या यंत्रावर पहिल्याच पानात कळले.

सुरुवातीचे काही आठवडे मी नवे काहीही लिहिले नाही. एका जुन्या दिवाळी अंकातली माझीच कथा समोर ठेवली आणि ती शब्दशः टाइप केली. हा उपाय मला कोणी सांगितला नव्हता, परंतु पुन्हा लेखनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला तो मी आग्रहाने सुचवेन. आपलीच कथा वाचताना डोळा वेगाने पुढे जातो आणि जे आठवते तेच दिसते. ती अक्षर-अक्षर उमटवताना वाक्य किती लांब आहे, ते कोठे वळते, ‘आणि’ किती वेळा आले आहे, अर्धविराम कोठे श्वास देतो, हे हाताला कळते. त्या कथेत वडिलांच्या निवृत्तीच्या समारंभाचे एक वाक्य आहे. उजवा समास जवळ आला की यंत्रात घंटा वाजते, मग डाव्या हाताने दांडी ओढून गाडा परत आणायचा आणि पुढची ओळ सुरू करायची. त्या एका वाक्यात घंटा सहा वेळा वाजली आणि तरी पूर्णविराम आला नव्हता. इतके लांब वाक्य मी एकेकाळी न अडखळता लिहिले होते याचे मला आश्चर्य वाटले नाही. ते कसे उभे केले होते याकडे मी एखाद्या परक्या लेखकाच्या वाक्याकडे पाहावे तसे पाहू लागले. कर्ता आरंभी ठेवला होता, मधली चार उपवाक्ये त्या कर्त्याच्याच हालचालींची होती, आणि क्रियापद आले तेव्हा वाचकाला कर्ता विसरू दिलेला नव्हता.

नव्या कथेला हात घातला तेव्हा या निरीक्षणाचा खरा उपयोग झाला. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि त्याचे लिंग-वचन कर्त्याशी किंवा कर्माशी जुळवावे लागते, म्हणजे वाक्य सुरू करतानाच ते कोठे संपणार हे मनात असावे लागते. संगणकावर ही जबाबदारी टाळता येते. वाक्य कसेही सुरू करावे, मध्येच परतावे, कर्ता बदलावा, क्रियापद सावरून घ्यावे. टाइपरायटरवर उमटलेले अक्षर परत घेता येत नाही. फार तर आडव्या रेघेची कळ मारून ते खोडता येते, आणि खोडलेले तिथेच दिसत राहते. त्यामुळे मी वाक्य मनात पूर्ण होईपर्यंत कळफलकाला हात लावीनाशी झाले. सुरुवातीला मनात चार-पाच शब्दच मावत, आणि वाक्येही तेवढीच होत. मग दोन उपवाक्ये मावू लागली, पुढे तीन. पावसाळा संपत आला तेव्हा स्वयंपाकघरातली दोन माणसे आणि दाराशी उभे असलेले तिसरे माणूस पुन्हा एका वाक्यात आले. त्या दिवशी मी ते वाक्य लिहून यंत्रावर कापड टाकले आणि पुढे काही लिहिले नाही.

यंत्राने दुःख कमी केले असा दावा मी करीत नाही आणि कोणी तसे सांगून हे यंत्र विकत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. दुःखाला जो वेळ लागतो तो लागतोच, आणि ज्याला झोप, भूक, जगण्याची इच्छा यांतच अडचण आहे त्याने प्रथम डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावे. त्या अवस्थेत कोणतेही लेखनसाधन हा उपाय नाही. माझा अनुभव त्या पुढच्या टप्प्याचा आहे. माणूस सावरलेला आहे, त्याला लिहायचे आहे, विषयही आहे, पण इतकी वर्षे केवळ सूचना, आकडे आणि निरोप लिहिल्यामुळे त्याची वाक्यरचना तुटलेली आहे, अशा लेखकाला हे यंत्र नेमके कोठे उपयोगी पडते ते मी सांगत आहे. मी आजारपणाविषयी अद्याप काहीही लिहिलेले नाही. पूर्ण झालेली कथा एका बंद पडलेल्या सहकारी दूध संघातल्या हिशेबनिसाची आहे, आणि तिच्यात रुग्णालय नाही याचा मला आनंद आहे, कारण त्या काळाबाहेरचे काही मला अजून दिसते याची ती कथा हे पहिले प्रमाण होते.

आवाजाविषयी दोन्ही बाजूंनी लिहिले पाहिजे. प्राइमाचा आवाज मोठा आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी यंत्राखाली जाड रबरी चटई किंवा नमद्याचा तुकडा घातल्याशिवाय ते वापरूच नये, आणि घातला तरी रात्री दहानंतर शेजाऱ्यांचा विचार करावाच लागेल. माझे पूर्वीचे लेखन रात्रीचे होते; आता मी सकाळी लिहिते आणि तो बदल या यंत्रामुळे झाला. दुसऱ्या बाजूने, एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरात काम चालू असल्याचा आवाज असणे ही मोठी गोष्ट आहे. सून फोनवर बोलताना पलीकडून आवाज ऐकते आणि ‘आई, तुम्ही लिहिताय, मी नंतर करते’ असे म्हणून फोन ठेवते. लॅपटॉपवर लिहीत असताना मी लिहीत आहे हे कोणाला, कधीकधी मलाही, जाणवत नसे.

उणिवा अनेक आहेत आणि त्यांतली सर्वांत मोठी अशी की हे लेखन टाइपरायटरवर संपत नाही. संपादकांना मजकूर युनिकोडमध्ये किंवा श्री-लिपी या संगणकावरील मराठी अक्षरप्रणालीत लागतो, म्हणून कथा संगणकावर पुन्हा टाइप करावी लागते. टाइप केलेल्या पानाचे छायाचित्र काढून त्यावरून मजकूर ओळखून घेण्याचा प्रयत्न मी केला. परंतु टाइपरायटरवर दोन अक्षरांच्या मधली शिरोरेषा पुष्कळदा तुटते, मात्रा थोडी इकडेतिकडे सरकते, आणि त्यामुळे मिळालेला मजकूर दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने टाइप करणे कमी वेळाचे ठरले. ज्याच्याजवळ मुदतीचे काम आहे, सदर आहे, अनुवादाची ठरलेली पाने आहेत, त्याला हा दुहेरी खटाटोप परवडणार नाही. कथेच्या बाबतीत मात्र या दुसऱ्या टंकलेखनाचा मला फायदा झाला. पान समोर ठेवून संगणकावर उतरवताना जे वाक्य पुन्हा लिहायचा कंटाळा आला ते बहुधा अनावश्यकच होते, आणि हिशेबनिसाच्या बालपणाची जवळजवळ दोन पाने मी अशी गाळली.

कादंबरीसाठी हे यंत्र मी सुचवणार नाही. प्रकरणांचा क्रम बदलणे, एखाद्या पात्राचे नाव सर्वत्र बदलणे, मधले प्रसंग हलवणे ही कामे कात्री आणि डिंकाने करता येतात, पूर्वीचे लेखक ती तशी करतही असत, पण संगणकाची सोय उपलब्ध असताना ती नाकारण्यात काही अर्थ नाही.  एका ओळीच्या अंतराने टाइप केले तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात, म्हणून दुहेरी अंतरच ठेवावे लागते आणि कागद जास्त लागतो. यंत्र इतके जड आहे की ते एका जागी ठेवूनच वापरायचे असते. ज्याला मुलाकडे चार महिने, मुलीकडे चार महिने असे राहावे लागते त्याला ते सोबत नेता येणार नाही. आणि ज्याने हा कळफलक कधी शिकलेला नाही त्याने, विशेषतः मन थकलेले असताना, तो शिकण्याचा भार स्वतःवर घेऊ नये. त्याच्यासाठी जाड कागदाची वही आणि ओळखीचा पेन हेच योग्य साधन आहे. हा कळफलक पूर्वी येत असे आणि आता विसरल्यासारखा वाटतो, अशांनी मात्र घाबरू नये. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घोटलेल्या ओळी बोटे विसरत नाहीत.

रिबिनीचा प्रश्न लोक प्रथम विचारतात. अर्ध्या इंचाची साधी रिबिन अजून मिळते, न्यायालयाजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांत आणि दुरुस्तीवाल्यांकडे ती असते. पण एकदम पुष्कळ घेऊन ठेवू नये, कारण शाई वाळते. घेतल्याच तर हवाबंद डब्यात ठेवाव्यात. काळी-लाल दुरंगी रिबिन घ्यावी असे मला वाटते. कथेचा मजकूर काळ्यात आणि ‘येथे आणखी विचार करावा’ अशी स्वतःसाठीची सूचना लाल रंगात, अशी सोय संगणकावरच्या टिप्पण्यांपेक्षा मला अधिक उपयोगी पडली, कारण ती सूचना पान हातात घेताक्षणी दिसते आणि तिला बंद करण्याचे बटण नाही. खिळ्यांच्या पोकळीत शाईचा मळ साचला की भ आणि म यांच्यातला फरक पुसट होतो. जुन्या दातघासणीने तो आठवड्यातून एकदा झाडावा. तेल फक्त गाडा ज्यांवरून सरकतो त्या धातूच्या पट्ट्यांवर, तेही शिवणयंत्राचे पातळ तेल, एखादा थेंब. खिळ्यांच्या दांड्या जेथे एकत्र येतात तेथे तेल घातले तर धूळ चिकटून त्या अडकू लागतात, आणि मग यंत्र पुन्हा पूर्ण धुवावे लागते.

घेण्यापूर्वी दुकानात बसून किमान एक पान टाइप करून पाहावे, आणि ते पान आपल्याच एखाद्या जुन्या मजकुराचे असावे, म्हणजे जोडाक्षरे नेहमीच्या वापरातली येतील. यंत्र हिंदीचे नसून मराठीचे आहे याची खात्री करण्यासाठी कळफलकावर ळ आहे का आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतल्या र साठी सोय आहे का, ते पाहावे. रूळ नखाने दाबून पाहावा. तो दगडासारखा कडक असेल तर आवाज वाढतो, कागद घसरतो आणि अक्षरे कागदाला भोके पाडतात. गाडा उजवीकडून डावीकडे शेवटपर्यंत सारखाच सरकतो की मध्ये अडतो हे रिकाम्या जागेची पट्टी एकसारखी दाबून कळते. सगळी अक्षरे एकाच शिरोरेषेवर येतात की काही वर-खाली उडतात हे पाहावे. एखाददुसरे उडत असेल तर कारागीर ते बसवून देतो, पण अर्धा कळफलक उडत असेल तर यंत्र सोडून द्यावे. कापडी किंवा प्लॅस्टिकचे आवरण सोबत मागून घ्यावे, आणि वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून देण्याचे आधीच ठरवावे. आमच्याकडे साताऱ्याला पावसात हवा इतकी दमट होते की झाकून ठेवलेल्या यंत्राच्या दांड्यांवरही गंज चढतो, आणि दिवाळी अंकांसाठीचे लेखन तर जून ते ऑगस्ट या महिन्यांतच होते. तेव्हा सर्व्हिसिंग मे महिन्यात उरकून घ्यावे, म्हणजे संपादकांची पत्रे येऊ लागतील तेव्हा यंत्र दुकानात नसून घरी असेल.